'नाही' लिहायची जागा

कायानीच्या नगरपालिकेने
बर्फ उपसायच्या खात्यासाठी
निर्णयाला मदत करणारी प्रणाली विकत घेतली
आणि ती बसवायला मी टाम्पेरेहून आले,
तेव्हा वेइयो किन्नुनेनने
मॉनिटरवर आपली लोकरी टोपी वाळत घातली.

हिवाळाभर ती तिथेच होती.

रात्री अडीचला उठून तो
डेपोच्या दारात उभा राहायचा, नाक वर करून.
एकतीस वर्षांचा रिवाज.
मग एकच शब्द: "निघा", किंवा "झोपा".
बर्फाचे अकरा नांगर, अकरा चालक
आणि घोरणारं अख्खं गाव
त्या शब्दाच्या खुंटीला टांगलेलं.
टोपीखाली माझा हिरवा, पिवळा, तांबडा
आपला आपण बदलत राहायचा.

मार्चमध्ये अहवाल गेला:
वापर समाधानकारक, नऊशे चार लॉगिन.
ते सगळे सिर्क्कूचे, हिशेबनिसांच्या टेबलावरून.
रोज सहा वेळा आत-बाहेर करायची,
एका हाताने कॉफी ढवळत,
साहेबांचा आकडा भरावा म्हणून.
मला ठाऊक होतं.
मीही सही केली.

दुसऱ्या नोव्हेंबरातली एक रात्र.
प्रणाली म्हणाली: गरज नाही.
वेइयो म्हणाला: पूल. वाळू घेऊन निघा.
पहाटे पुलावर काच चढली होती
आणि दुधाचा टँकर तिच्यावरून,
ओल्या न्हाणीतून म्हातारी चालावी तसा,
जपून, पण सरळ पार झाला.

सगळे माझ्याकडे बघून हसले.
मग मी विचारलं,
जे वर्षभर विचारायचं राहिलं होतं:
तुम्हाला कळलं कसं?

इथली माणसं उत्तराआधी शांतता वाढतात,
पानात आधी मीठ वाढावं तशी.
"वीजघराचं पाणी सोडतात रात्री," तो म्हणाला.
"वाफ उठते, कठड्याला धरते.
वारा पूर्वेचा असला तर वास येतो,
ओल्या लोखंडाचा."

ओल्या लोखंडासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

पुलाखाली एक सेन्सर लावला.
आणि पडद्यावर, 'मान्य'च्या बटणाशेजारी
एक मोकळी चौकट: नाही, कारण...
आमच्या ऑफिसने कळवलं,
हे म्हणजे आपणच आपल्या मालाला नावं ठेवणं.
मी पत्राला उत्तर दिलं नाही.

टोपी कधी उतरली, मी पाहिलं नाही.
पुढच्या खेपेला गेले तर ती खुंटीवर होती
आणि वेइयो दोन बोटांनी टंकत होता:
नाही, कारण शाळेला सुट्टी, आधी दवाखान्याचा रस्ता.
नाही, कारण रेल्वे फाटकाचं तुला काय कळतंय.
नाही, कारण मागच्या खेपेलाही तू हेच सांगितलंस.

भांडायला लागला, तेव्हा मी ओळखलं,
सोयरीक जमली.

जानेवारीत एकदा त्याचं नाक "झोपा" म्हणालं
आणि पडद्यावर तांबडं.
चौकटीत काहीतरी लिहिलं, पुसलं,
पुन्हा लिहिलं, पुसलं.
'मान्य' दाबून बूट चढवले
आणि अकराव्या नांगरावर स्वतःच जाऊन बसला,
बघू या तर, म्हणत.
घोट्याच्या वर होता बर्फ.
त्या रात्रीबद्दल तो कधी बोलला नाही.

तिसऱ्या वर्षी साहेबांनी विचारलं,
यश किती टक्के? किती वेळा ऐकलं?
मी म्हटलं, एकशे त्र्याण्णव वेळा ऐकलं नाही,
आणि प्रत्येक वेळी का, ते लिहिलं.
साहेबांनी चष्मा काढून पुसला.
पुसतच राहिले.

आता वेइयो गोठलेल्या सरोवराला भोक पाडून
मासे धरत बसतो.
त्याच्या खुर्चीत हेन्रीका, चोवीस वर्षांची.
रात्रपाळीत ती त्याची कारणं वाचते,
चुकीच्या स्पेलिंगांसकट,
कुणाची तरी लोणच्यांची वही वाचावी तशी.

परवा पहाटे तीनची नोंद पाहिली.
प्रणाली: हिरवा. सेन्सर: ठीक.
हेन्रीका:
नाही, कारण वास येतोय.